औषध विरघळत नाही? कोकणातल्या लॅबसाठी फॉर्म्युलेशन स्क्रीनिंगचा मार्गदर्शक

लोटे, महाड, रोहा, पाताळगंगा यांपैकी कुठल्या तरी एमआयडीसीत आर अँड डीला नुकतेच रुजू झाला असाल, किंवा चिपळूण-रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे एम. फार्मचा प्रोजेक्ट करत असाल, तर कधी ना कधी पांढऱ्या पावडरीची छोटी बाटली तुमच्या हातात पडणार. माल जेमतेम एक ग्रॅम, आणि सोबत निरोप एवढाच की पाण्यात विरघळत नाही, काहीतरी मार्ग काढा. मग कपाटातले वीस-पंचवीस एक्सिपियंट (औषधासोबत मिसळायचे, स्वतः औषध नसलेले पदार्थ) काढून प्रत्येकात चिमूटभर टाकून बघायचा मोह होतो. आठवड्याभरात अर्धा माल संपतो आणि वहीत 'क्लिअर', 'थोडं गढूळ', 'जवळजवळ क्लिअर' यापलीकडे काही उरत नाही.

हे टाळायचं तर क्रम पाळावा लागतो. दुसरी गोष्ट कोकणापुरती. छापील कृती ४०-५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत लिहिलेल्या असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर खिडकी उघडी असेल तर हायग्रोमीटर ८५ ते ९५ दाखवतो आणि एसी लावूनही तो बऱ्याचदा ६५च्या खाली येत नाही. इथे हवेतलं पाणी हा प्रत्येक नमुन्यातला न लिहिलेला घटक आहे, असं धरूनच काम करा.

पुढचं सगळं तोंडावाटे घ्यायच्या औषधांबद्दल आहे. इंजेक्शनला एक्सिपियंटची यादी आणि मर्यादा दोन्ही वेगळ्या असतात.

हाताशी काय हवं

कागदपत्रं:
- एपीआयचा (म्हणजे मूळ औषधी पदार्थाचा) सीओए, म्हणजे तपासणीचं प्रमाणपत्र: लॉट नंबर, शुद्धता, पाण्याचं प्रमाण, उरलेले सॉल्व्हंट
- सेफ्टी डेटा शीट
- डीएससीचा (तापवताना उष्णतेतला बदल मोजणारी चाचणी) आलेख आणि पावडर एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरूप ओळखणारी चाचणी). हे नसेल तर पहिल्याच दिवशी करून घ्या
- रेणुभार, पीकेए (रेणू कुठल्या पीएचच्या आसपास आयन होतो तो आकडा), लॉग पी (तेल आणि पाणी यांत रेणू कसा वाटला जातो त्याचा लॉग)
- अपेक्षित डोस, निदान अंदाजे
- एचपीएलसीची (द्रावणातलं औषध वेगळं करून मोजणारं तंत्र) पद्धत आणि तिची खालची मोजणीमर्यादा
- प्रत्येक एक्सिपियंटचा ग्रेड आणि लॉट

साधनं: ०.०१ मिग्रॅपर्यंत मोजणारा वजनकाटा, ३७ अंशांवर फिरणारा शेकर किंवा रोटेटर, २ मिलीच्या काचेच्या व्हायल (झाकणाला पीटीएफईचं अस्तर असलेल्या), तापमान राखणारा सेंट्रीफ्यूज, बारीक टोकाचा पीएच इलेक्ट्रोड, पोलराइज्ड लाइटचा मायक्रोस्कोप, व्हॅक्यूम ओव्हन, दोन-तीन डेसिकेटर, तापमान-आर्द्रतेचा लॉगर. यातलं एकच विकत घेण्याइतके पैसे असतील तर मायक्रोस्कोप घ्या. कारण खाली वारंवार येईल.

१. आधी कागदावर आकडा काढा

किती विद्राव्यता पुरेशी आहे हे ठरवल्याशिवाय व्हायलला हात लावू नका.

पहिला अंदाज यालकोव्स्कीच्या समीकरणाने येतो. विद्राव्यतेचा लॉग (मोल प्रति लिटर) = ०.५ − ०.०१ × (मेल्टिंग पॉइंट − २५) − लॉग पी. समजा मेल्टिंग पॉइंट १६० अंश, लॉग पी ४, रेणुभार ३६०. उत्तर येतं ०.५ − १.३५ − ४ = −४.८५, म्हणजे सुमारे ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली. हा आकडा आयन न झालेल्या रेणूचा आहे आणि दहापटीने चुकूही शकतो. पण एचपीएलसीची पद्धत किती संवेदनशील हवी ते तो लगेच सांगतो.

आता डोस १०० मिग्रॅ धरा. बीसीएसच्या (विद्राव्यता आणि पारगम्यतेवरून औषधांचं वर्गीकरण) हिशेबात एक पेला पाणी म्हणजे २५० मिली. १०० भागिले २५० म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. त्याला ५ ने भागलं की डोस नंबर आला ८०. हे बघून नवखा माणूस हबकतो आणि ८० पट वाढीच्या मागे लागतो.

तेवढी गरज बहुधा नसते, कारण आतडं विरघळलेलं औषध सतत शोषून घेत असतं. म्हणून दुसरा हिशेब करा, जास्तीत जास्त शोषला जाऊ शकणारा डोस: विद्राव्यता × शोषणाचा दर × २५० मिली × २७० मिनिटं. दर मिनिटाला ०.०३ धरला तर ०.००५ × ०.०३ × २५० × २७० म्हणजे साधारण १० मिग्रॅ. हवेत १०० मिग्रॅ. म्हणजे खरं लक्ष्य दहापट, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली. ८० पट आणि १० पट यांत मार्ग पूर्ण बदलतो. दहापट कधी कधी साध्या पॉलिमरने किंवा सर्फॅक्टंटने (साबणासारख्या पदार्थाने) मिळते. पारगम्यता (आतड्याच्या भिंतीतून जाण्याची क्षमता) कमी असलेल्या रेणूला मात्र हा दिलासा नाही, तिथे शोषणाचा दरच खाली येतो.

२. मालाचा हिशेब

एक ग्रॅम असेल तर साधारण अशी वाटणी धरा: मूळ विद्राव्यतेला ७५ मिग्रॅ, प्लेटच्या स्टॉकला (पायरी ५) २०, फिल्मना (पायरी ६) १२०, तेलकट वाहकांना (पायरी ४) ३००, दोन टप्प्यांच्या चाचणीला (पायरी ७) ६०, स्टँडर्ड आणि डीएससी-एक्सआरडीला १००. उरलेले ३२५ बाजूला सीलबंद ठेवा. सगळ्यात जास्त माल तेलं खातात, म्हणून ती चाचणी खरंच हवी आहे का हे चौथ्या पायरीत आधी ठरवा.

एपीआयची मूळ बाटली रोज उघडू नका. पहिल्याच दिवशी, डीह्युमिडिफायर चालवून खोली ५०च्या खाली आली की, लहान बाटल्यांत विभागणी करा आणि सिलिका जेलसह बंद करा.

३. मूळ विद्राव्यता

पुढे येणारी प्रत्येक 'वाढ' या आकड्याशी ताडली जाते. तो चुकला तर सगळा प्रोजेक्ट चुकतो, म्हणून इथे घाई नको.

माध्यमं सहा पुरेत: ०.१ एन हायड्रोक्लोरिक आम्ल, पीएच ४.५ चा ॲसिटेट बफर, पीएच ६.८ चा फॉस्फेट बफर, साधं शुद्ध पाणी, फॅसिफ आणि फेसिफ. फॅसिफ म्हणजे उपाशीपोटी असणाऱ्या आतड्यातल्या रसाची नक्कल: ३ मिलिमोलर सोडियम टॉरोकोलेट, ०.७५ मिलिमोलर लेसिथिन, पीएच ६.५. फेसिफ जेवणानंतरची: १५ आणि ३.७५ मिलिमोलर, पीएच ५. तयार पावडरीपासून बनवलेलं फॅसिफ दोन तास तसंच राहू द्या, मगच वापरा, आणि ४८ तासांनंतर ओतून द्या.

प्रत्येक व्हायलमध्ये ३ ते ५ मिग्रॅ औषध, १ मिली माध्यम, तीन-तीन प्रती. ३७ अंशांवर फिरवत ठेवा. २४ आणि ४८ तासांनी नमुना घ्या. दोन्ही आकडे ५ ते १० टक्क्यांच्या आत जुळले तर समतोल आला असं समजा, नाहीतर ७२ तासांपर्यंत चालू द्या. तळाशी घन औषध दिसलंच पाहिजे. सगळं विरघळलं असेल तर तो आकडा विद्राव्यता नाही, 'याहून जास्त' एवढंच लिहा.

जिथे लोक फसतात त्या जागा अशा:

*शेवटचा पीएच.* आम्लधर्मी औषध बफरमध्ये बऱ्यापैकी विरघळलं की बफरलाच खाली ओढतं. ६.८ लिहिलेल्या व्हायलमध्ये प्रत्यक्षात ६.१ असू शकतो, आणि पीकेए ४.५ असलेल्या रेणूला त्या फरकाने विद्राव्यता पाचपट बदलते. आकड्याशेजारी नेहमी शेवटी मोजलेला पीएच लिहा.

*फिल्टर.* ५ मायक्रोग्रॅमच्या द्रावणातलं अर्धं औषध नायलॉनची जाळी सहज गिळू शकते. आधी माहीत असलेल्या तीव्रतेचं द्रावण गाळून बघा. पहिला ०.५ मिली, पुढचा ०.५, पुढचा १ मिली असे वेगवेगळे मोजा. एकूण १ मिलीच हाती असेल तर गाळण्याऐवजी सेंट्रीफ्यूज बरा: १३,००० आरपीएम, १५ मिनिटं, रोटर आधीच ३७ अंशांवर आणलेला.

*पातळ करायला झालेला उशीर.* वरचं स्वच्छ द्रावण ३७ अंशांवरून टेबलावर आलं की थंड होऊन औषध व्हायलच्या भिंतीवर बसू लागतं. १०० मायक्रोलिटर काढा आणि त्याच क्षणी डायल्युएंटमध्ये मिसळा. डायल्युएंटमध्ये ॲसिटोनायट्राइल ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. फार वाढवलंत तर फॉस्फेट मीठ म्हणून खाली बसतं आणि एचपीएलसीचा कॉलम तुंबतो.

*वीज.* मे-जूनच्या वळवात रात्री दोन तास लाइट जाणं नवीन नाही. शेकर यूपीएसवर नसेल तर निदान आत लॉगर ठेवा. तापमान ३०ला उतरलेलं दिसलं तर वेळ पुन्हा शून्यापासून मोजा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, *तळाचा साका.* वरच्या द्रावणाचा आकडा मिळाला की व्हायल फेकून देतात, तिथेच घोटाळा होतो. तो आकडा तळाशी उरलेल्या घनाचा आहे, तुम्ही टाकलेल्या पावडरीचा असेलच असं नाही. कार्बामाझेपिन हे नेहमीचं उदाहरण: निर्जल पावडर पाण्यात टाकली की काही तासांत डायहायड्रेट (स्फटिकात पाणी धरलेलं रूप) बनतं. ते कमी विरघळतं आणि मायक्रोस्कोपखाली लांब सुयांसारखं दिसतं. दोन तासांचा आकडा जास्त आणि २४ तासांचा कमी आला तर मोजणी चुकली असं ठरवण्याआधी सुया शोधा. हायड्रोक्लोराइडसारखा क्षार (आयन झालेल्या औषधाचं मीठ, म्हणजे सॉल्ट) पीएच ६.८ ला टाकला की बऱ्याचदा मूळ बेस होऊन तळाशी बसतो. मग तुम्ही मोजता ते क्षाराचं नाव लावलेल्या बेसचं.

साका ओला असतानाच मायक्रोस्कोप आणि एक्सआरडी करा. ओव्हनमध्ये वाळवलात तर हायड्रेटचं पाणी उडून जातं आणि पुरावाही. रिटोनाविरच्या बाबतीत १९९८ मध्ये, औषध बाजारात येऊन दोन वर्षं झाल्यावर, आधी न दिसलेलं आणि फार कमी विरघळणारं स्फटिकरूप कॅप्सूलमध्ये उगवलं आणि ती कॅप्सूल मागे घ्यावी लागली. स्क्रीनिंगमधल्या प्रत्येक साक्याकडे या नजरेने बघा.

४. न विरघळण्याचं कारण ओळखा, मग मार्ग निवडा

पहिल्या पायरीतल्या समीकरणात दोन वजाबाक्या होत्या. मेल्टिंग पॉइंटची वजाबाकी मोठी असेल तर रेणू जांभ्या दगडासारखा: स्फटिक इतका घट्ट की पाणी, तेल दोन्ही त्याला फोडू शकत नाहीत. लॉग पीची मोठी असेल तर खोबरेलासारखा: तेलात खुशाल जातो, पाण्याला नकार देतो. आपल्या उदाहरणात १.३५ विरुद्ध ४, म्हणजे खोबरेल. मेल्टिंग पॉइंट २४० आणि लॉग पी २ असता तर २.१५ विरुद्ध २. तिथे तेलांवर ३०० मिग्रॅ माल घालवणं व्यर्थ, स्फटिक मोडण्याचा मार्ग आधी बघावा.

*क्षार.* रेणू आयन होत असेल तर पहिली पसंती हीच, कारण पुढचा कारखाना सोपा होतो. औषध आणि प्रतिआयन (क्षारात औषधाला जोडलेला उलट भाराचा आयन) यांच्या पीकेएत निदान २ ते ३ चा फरक हवा. हायड्रोक्लोराइडची विद्राव्यता जठरातल्या क्लोराइडमुळे घटते, म्हणून ती साध्या पाण्यात मोजून खूश होऊ नका. आणि क्षार ओलावा किती ओढतो ते इथल्या हवेत आधीच तपासा. बशीत ठेवलेला क्षार दुपारपर्यंत चिकट झाला तर गोळी दाबणाऱ्या माणसाचे शिव्याशाप पुढे तुम्हालाच ऐकावे लागतील.

*सर्फॅक्टंट.* पॉलिसॉर्बेट ८०, पोलोक्झॅमर ४०७, व्हिटॅमिन ई टीपीजीएस, एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट), प्रत्येकी ०.१ ते १ टक्का. एसएलएस पोटॅशियम फॉस्फेट बफरमध्ये टाकू नका. पोटॅशियमचं मीठ पांढरं होऊन खाली बसतं आणि लोक त्याला औषधच समजतात. सोडियम फॉस्फेट वापरा. बेसधर्मी औषधाशीही एसएलएस जोडी जमवून खाली बसतं, तेव्हा 'एसएलएसने विद्राव्यता कमी झाली' या निकालामागे हे कारण असू शकतं.

*सायक्लोडेक्स्ट्रिन.* म्हणजे साखरेच्या रेणूंचं कडं, जे औषधाला आपल्या पोकळीत धरतं. हायड्रॉक्सीप्रोपिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या ०, २, ५, १०, २० टक्के द्रावणांत विद्राव्यता मोजून हिगुची-कॉनर्स आलेख (सायक्लोडेक्स्ट्रिनच्या प्रमाणासमोर विद्राव्यता) काढा. साधं बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन पाण्यात स्वतःच जेमतेम १८.५ मिग्रॅ प्रति मिली विरघळतं, ते २० टक्क्यांपर्यंत जाऊच शकत नाही. रेष सरळ आली तरी आनंद मानण्याआधी वजनाचं गणित करा: सायक्लोडेक्स्ट्रिनचा रेणुभार साधारण १४००, औषधाचा ३५०. एकास एक जोडी बनली तरी १०० मिग्रॅ डोसला ४०० मिग्रॅ सायक्लोडेक्स्ट्रिन, आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त लागतं. म्हणून लहान डोसच्या औषधांनाच हा मार्ग शोभतो. शिवाय ही पावडर पावसाळ्यात पाणी ओढते. वजन करायच्या दिवशी कार्ल फिशरने पाणी मोजा आणि वजन दुरुस्त करा, नाहीतर आलेखाचा उतार खोटा.

*तेलकट वाहक.* मिग्लिओल ८१२, कॅपम्युल एमसीएम, लॅब्रासोल, ट्रान्सक्युटॉल, पॉलिसॉर्बेट ८०, पीईजी ४००. प्रत्येकी अर्धा ग्रॅम वाहकात ५० मिग्रॅ औषध, ३७ अंश, ७२ तास. दाट वाहकातून पिपेटने मोजून काढणं हा निव्वळ अंदाज असतो. वजन करून घ्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातळ करा. अर्धघन वाहक पूर्ण वितळवून, ढवळून मगच त्यातून नमुना काढायचा, कारण वरचा आणि तळाचा भाग सारखा नसतो. कॅप्सूलमध्ये जेमतेम एक ग्रॅम मावतं, त्यामुळे १०० मिग्रॅ डोसला ग्रॅममागे १०० मिग्रॅहून जास्त विद्राव्यता हवी आणि भरताना तिच्या ८० टक्क्यांवर थांबायचं. मग १ भाग १०० ते २५० भाग फॅसिफमध्ये ओतून दोन-चार तास बघा. पीईजी आणि ट्रान्सक्युटॉलसारखे पाण्यात मिसळणारे वाहक बाटलीत सगळ्यात जास्त औषध धरतात आणि पातळ झाल्यावर सगळ्यात आधी सोडून देतात. पहिल्या आकड्यावर क्रम लावणारा इथे हमखास चुकीचा विजेता निवडतो.

*बारीक कण.* नॅनो मिलिंगने विरघळण्याचा वेग वाढतो, विद्राव्यता फारशी वाढत नाही. डोस नंबर ८० असेल तर एकट्याने भागत नाही. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून हे कण सुटतात आणि विद्राव्यता खूप वाढल्याचा भास होतो, एवढं लक्षात ठेवा.

राहिला अस्फटिक घन, म्हणजे पॉलिमरमध्ये विखुरलेलं औषध. पुढच्या दोन पायऱ्या त्याच्यासाठी आहेत, कारण सगळ्यात जास्त वाढ तिथे मिळते आणि कोकणात सगळ्यात जास्त त्रासही तोच देतो.

५. कोणता पॉलिमर औषधाला पाण्यात धरून ठेवतो?

९६ खणांच्या प्लेटवर हे एका दिवसात कळतं आणि माल दोन-तीन मिग्रॅच लागतो. डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड या सॉल्व्हंटमध्ये) १० मिग्रॅ प्रति मिलीचा स्टॉक करा. प्रत्येक खणात १९८ मायक्रोलिटर माध्यम, त्यात पॉलिमर ०.५ किंवा १ मिग्रॅ प्रति मिली. वरून २ मायक्रोलिटर स्टॉक. औषध झालं १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली आणि डीएमएसओ १ टक्का. त्याहून जास्त डीएमएसओ नको, तो स्वतःच विद्राव्यता फुगवतो.

पॉलिमर: एचपीएमसी ई५, एचपीएमसीएएस (एम ग्रेड), पीव्हीपी के३०, पीव्हीपी-व्हीए ६४, सोलुप्लस, युड्राजिट एल१००. एचपीएमसीएएस आणि युड्राजिट साध्या पाण्यात विरघळत नाहीत, आधी ६.८ च्या बफरमध्ये विरघळवा आणि पीएच पुन्हा जुळवा. पॉलिमर नसलेले खण आणि औषध नसलेले खण दोन्ही ठेवा. सोलुप्लससारखे पॉलिमर औषधाशिवायही किंचित दुधी दिसतात.

५, १५, ३०, ६०, १२० मिनिटांनी गढूळपणा वाचा, ६०० नॅनोमीटरच्या आसपास, जिथे औषध प्रकाश शोषत नाही. गढूळ झालं म्हणजे स्फटिक झाले असं नाही. अस्फटिक औषधाचे बारीक थेंबही पाणी दुधाळ करतात आणि ते चालतं. एक थेंब काचपट्टीवर घ्या: पोलराइज्ड प्रकाशात चमकलं तर स्फटिक, अंधार राहिला तर थेंब. कडेच्या खणांतलं पाणी ३७ अंशांवर उडतं, म्हणून प्लेट सील करा आणि कडेला फक्त ब्लँक ठेवा.

डीएमएसओची बाटली इथल्या हवेत उघडी राहिली की ती पाणी ओढत बसते. काही दिवसांनी स्टॉकमध्ये औषध अदृश्यपणे खाली बसलेलं असतं आणि शुद्ध डीएमएसओ १८.५ अंशांना गोठत असल्याने फ्रिजमध्ये ठेवून हा प्रश्न सुटत नाही, वाढतोच. स्टॉक रोज ताजा करा, छोट्या सीलबंद ॲम्प्युलमधला डीएमएसओ वापरा.

६. फिल्म आणि ओलावा

प्लेटवर टिकलेले तीन-चार पॉलिमर घ्या. औषध २० आणि ४० टक्के, प्रत्येक व्हायलमध्ये ५ मिग्रॅ औषध. मिथेनॉल आणि डायक्लोरोमिथेन समप्रमाणात, पूर्ण स्वच्छ द्रावण, मग सॉल्व्हंट उडवायचं आणि व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ४० ते ५० अंशांवर रात्रभर.

पावसाळ्यातली चूक उडवताना होते. डायक्लोरोमिथेन इतक्या वेगाने उडतं की व्हायल थंड पडते, हवेतलं पाणी फिल्मवर जमतं आणि औषध-पॉलिमर वेगळे होऊन फिल्म पांढरी पडते. नवखे वहीत लिहितात: पॉलिमर नापास. पॉलिमरचा दोष नसतो. कोरड्या नायट्रोजनच्या झोतात, व्हायल ४० अंशांच्या ब्लॉकवर ठेवून उडवा किंवा रोटाव्हॅप वापरा. फ्युमहूडमध्ये उघडं ठेवून उडवणं इथे मे महिन्यापर्यंतच ठीक. उरलेलं सॉल्व्हंटही फिल्म मऊ करतं. आयसीएचची (औषधांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी संस्था) मर्यादा डायक्लोरोमिथेनला ६०० आणि मिथेनॉलला ३००० पीपीएम आहे. स्क्रीनिंगमध्ये ती गाठली पाहिजे असं नाही, पण फिल्ममध्ये किती उरलं हे माहीत हवं.

आता ग्लास ट्रान्झिशनचं तापमान, टीजी, म्हणजे ज्याच्या वर कडक अस्फटिक घन मऊ होऊ लागतो ते. फॉक्सच्या समीकरणाने अंदाज काढा: १/टीजी = प्रत्येक घटकाचा वजनी अंश भागिले त्याचा टीजी, सगळं केल्व्हिनमध्ये. इंडोमेथासिनचा टीजी ४२ अंश, पीव्हीपी-व्हीएचा साधारण १०५. ३०:७० मिश्रणाचा येतो सुमारे ८३ अंश. साठवणीच्या तापमानापेक्षा टीजी ५० अंशांनी वर असावा हा ढोबळ नियम. ३० अंशांना ८० लागतो, म्हणजे पास. त्यात फक्त ५ टक्के पाणी शिरू द्या, ज्याचा टीजी सुमारे १३६ केल्व्हिन आहे, आणि उत्तर ५७ वर येतं. नापास. पीव्हीपीसारखा पॉलिमर इथल्या जुलैत ५ टक्के पाणी सहज घेतो. एचपीएमसीएएस बराच कमी घेतो, म्हणून दोघे प्लेटवर बरोबरीत असतील तर कोकणात एचपीएमसीएएसच्या बाजूने कौल द्यावा.

हे तपासायला महागडा चेंबर लागत नाही. डेसिकेटरच्या तळाशी मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा: मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्के आर्द्रता देतं, पोटॅशियम कार्बोनेट ४३, सोडियम क्लोराइड ७५. तळाशी न विरघळलेलं मीठ सतत दिसलं पाहिजे. मीठ लॅब ग्रेडचंच घ्या. मिठागरातल्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते आकडा खाली ओढतं. हा डेसिकेटर ४० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला की ४० अंश/७५ टक्के अशी प्रवेगक चाचणी झाली. फिल्म उघड्या व्हायलमध्ये ठेवा. १, ३, ७, १४ दिवसांनी मायक्रोस्कोप, आणि शंका आली तरच एक्सआरडी. दोन-चार टक्के स्फटिक एक्सआरडीला दिसतही नाहीत, मायक्रोस्कोपला एक ठिपकाही दिसतो. पहिल्या दिवशी चमकलेली फिल्म बाद. सात दिवस अंधारी राहिलेली पुढे न्या.

७. जठरातून आतड्यात

१० मिली ०.१ एन आम्लात ४ मिग्रॅ औषधाइतकी फिल्म, म्हणजे ०.४ मिग्रॅ प्रति मिली, तोच १०० मिग्रॅ डोसचा हिशेब. ३० मिनिटांनी दुप्पट तीव्रतेचं, पुरेशा क्षमतेच्या बफरमधलं १० मिली फॅसिफ ओता आणि पीएच ६.५ झाल्याची खात्री करा. २ तास नमुने घ्या. बेसधर्मी औषधं इथेच कोसळतात: आम्लात पूर्ण विरघळलेली, पीएच वाढताच दहा मिनिटांत तळाशी.

सोबत दोन तुलना हव्यातच: नुसतं स्फटिकी औषध, आणि औषध-पॉलिमरचं नुसतं एकत्र केलेलं मिश्रण. कित्येकदा मिश्रणच फिल्मइतकं चांगलं निघतं, आणि मग अस्फटिक घन बनवायच्या स्प्रे ड्रायरचा खर्च वाचतो. दुसरं, सेंट्रीफ्यूजनंतर वर राहिलेलं सगळं औषध शोषणासाठी मोकळं नसतं. मिसेलमध्ये (सर्फॅक्टंटच्या रेणूंच्या बारीक गोळ्यात) किंवा सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये अडकलेलं आतड्याच्या भिंतीतून जात नाही. त्यामुळे ३० पट दाखवणारं सर्फॅक्टंटचं द्रावण आणि १० पट दाखवणारी फिल्म यांत फिल्म सरस ठरू शकते. पहिल्या पायरीतलं लक्ष्य ५० मायक्रोग्रॅम होतं. ते गाठणाऱ्यांत सगळ्यात साधं जे असेल ते निवडा, सगळ्यात मोठ्या आकड्याचं नको.

८. नमुना बाहेर पाठवताना

एक्सआरडी किंवा मॉड्युलेटेड डीएससी जवळ नसेल तर नमुना पवईला आयआयटीच्या सैफसारख्या (महागड्या उपकरणांची सामायिक सुविधा) केंद्रात जातो. पावसात कुरिअरने दोन-तीन दिवस लागतात आणि अस्फटिक फिल्म वाटेत स्फटिक होऊ शकते. पॅराफिल्मवर भरवसा नको, ती ओलावा फक्त हळू आत सोडते. व्हायल घट्ट बंद करून, सिलिका जेलसह, हीट-सील केलेल्या ॲल्युमिनियमच्या पाकिटात घाला. त्याच बॅचची जुळी व्हायल त्याच प्रकारच्या पाकिटात लॅबमध्ये ठेवा. पाठवण्याच्या दिवशी मायक्रोस्कोपचा फोटो काढा आणि निकाल आला की जुळी व्हायल उघडून पुन्हा बघा. एक्सआरडीत स्फटिक आणि जुळ्या व्हायलमध्ये अंधार, तर दोष बहुधा प्रवासाचा किंवा तिकडे नमुना उघडा राहिल्याचा. मग फॉर्म्युलेशन बाद करू नका, नमुना पुन्हा पाठवा.

पाकिटावर लॉट, औषधाचं प्रमाण, पॉलिमरचा ग्रेड, वाळवल्याची तारीख आणि 'कोरड्या जागेतच उघडा, उघडल्यावर लगेच स्कॅन करा' एवढं ठळक लिहा. पुष्कळदा नमुना सकाळी होल्डरवर भरला जातो आणि त्याचा नंबर दुपारी येतो.